सायकल खोलीवर, आपण पायी: रेगेन्सबुर्गमधला एक दिवस

डॅन्यूबच्या काठाकाठाने सहा दिवस सायकल चालवून आम्ही जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला पोचलो, तेव्हा अंधारायला आलं होतं. नदीवरचा जुना दगडी पूल ओलांडून पलीकडच्या श्टाटआमहोफ या भागात मुक्काम गाठला. पूल कसा होता, असं त्या रात्री कुणी विचारलं असतं, तर खडबडीत फरशी आणि गर्दी यापलीकडे मला काहीही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच पूल चालत ओलांडायला आम्हाला पाऊण तास लागला. लांबी जेमतेम ३०० मीटर. पण बाराव्या शतकात, ११३५ ते ११४६ या अवघ्या अकरा वर्षांत बांधलेला हा पूल मध्यावर उंच होतो, आणि तिथे कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की पाय हलत नाही. खांब पुरात वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांच्याभोवती बेटांसारखे लांबट दगडी बांध घातले आहेत. त्यामुळे नदीची वाट अरुंद होते, पाणी कमानींखालून जोरात उसळतं आणि पलीकडे भोवरे धरतं. ११८९ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा धर्मयुद्धासाठी याच शहरातून निघाला. आता पुलावर मोटारी नाहीत, फक्त चालणारे आणि सायकलवाले.

विश्रांतीच्या दिवशी काय करावं, यावर आमचा थोडा वाद झाला. मला कॅथेड्रल, मनोरे, संग्रहालयं सगळंच बघायचं होतं. सोबतीण म्हणाली, एकही जिना नको. तिचंच बरोबर होतं. पेडल मारताना मांडीचे स्नायू आखडून जोर लावतात. जिना उतरताना मात्र ते ताणले जात असतानाच अंगाचं वजन पेलतात. आठवडाभर त्यांना या कामाची सवय नसते. दुखणं लगेच कळत नाही, ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, म्हणजे नेमकं पुन्हा सायकलवर बसल्यावर उमटतं. सपाटीवरचं संथ चालणं मात्र फार सुखाचं. खोगिरावर वाकून आखडलेली कंबर तासाभरात मोकळी झाली.

बुटांचं आधीच सांगते. क्लीटवाल्या, म्हणजे तळाला पेडलमध्ये अडकणारी पट्टी असलेल्या बुटांनी इथल्या दगडी गल्ल्यांत फिरू नका. पाय घसरतो आणि क्लीटही झिजतात. हलके, सपाट बूट किंवा पट्ट्यांच्या चपला सामानात हव्यातच. कपडे सकाळीच धुऊन वाळत घाला, मग बाहेर पडा. आणि विश्रांतीचा दिवस रविवारी येऊ देऊ नका: जर्मनीत त्या दिवशी दुकानं बंद असतात, ट्यूब किंवा ब्रेकपॅड घ्यायचे असतील तर खोळंबा होतो.

जुनं शहर लहान आहे, सगळं पायाखालचं. कॅथेड्रलच्या मागच्या गल्लीत रोमन छावणीचं उत्तर दार, पोर्टा प्रेटोरिया, एका पांढऱ्या भिंतीत अर्धवट रुतून उभं आहे. छावणी इसवी सन १७९ची. हे प्रचंड दगड पुढे कित्येक शतकं घरांच्या भिंतींत दडून गेले होते आणि १८८५ साली पुन्हा उजेडात आले. शोधायला नकाशा लागतो, पण चुकवू नका.

केप्लर थकलेला पगार मागायला १६३०च्या शरद ऋतूत इथे आला, आजारी पडला आणि इथेच वारला. ते घर आता संग्रहालय आहे. पुढे तीस वर्षांच्या युद्धात त्याची कबरही नष्ट झाली. ग्रहांच्या गतीचे नियम देणाऱ्या माणसाच्या दारात आम्ही बराच वेळ गप्प उभ्या होतो.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नॉयफारप्लाट्झ या चौकात गेला. इथली ज्यू वस्ती १५१९ साली हुसकावून उद्ध्वस्त केली गेली. पाडलेल्या सिनेगॉगचा, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा, तळाचा आराखडा दानी कारावान या शिल्पकाराने पांढऱ्या काँक्रीटमध्ये, बसता येईल एवढ्या उंचीवर उभा केला आहे. त्यावर मुलं उड्या मारत होती, म्हातारी माणसं टेकली होती. आम्हीही टेकलो. माझ्या मते या शहरात एकच गोष्ट पाहायची असेल, तर ही.

जुन्या नगरभवनातलं सम्राटाच्या संसदेचं दालन फक्त मार्गदर्शकासोबत पाहता येतं. तेव्हा सकाळीच वेळ विचारून घ्या; आमचं ते राहिलं.

वाल्हाला स्मारकासाठी हा दिवस खर्च करू नका. शहरापासून दहाएक किलोमीटरवर, डोनाउश्टाउफपाशी, ते पुढच्या वाटेवरच येतं. ग्रीक देवळासारखी ही वास्तू १८४२ साली पुरी झाली. नदीकडून चढायला ३५८ पायऱ्या आहेत. आम्ही मात्र मागच्या बाजूच्या रस्त्याने सायकली ढकलत वर नेल्या, म्हणजे उतरताना पायऱ्या लागल्या नाहीत.