कापडाखालचा हात

क्रॉस स्टिच, म्हणजे फुलीच्या टाक्यांचं भरतकाम, नव्यानं शिकणारा माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हातातली, कापड ताणून धरणारी रिंग बघावी. ती सारखी उलटीपालटी होत असते. सुई वरून खाली घालताना काही अडत नाही, भोक समोर दिसतं. खालून वर यायची वेळ आली की पंचाईत. मग रिंग उलटायची, भोक हेरायचं, सुई अर्धी खुपसायची आणि पुन्हा सुलटी करून बघायचं, कुठे निघाली ते. बहुतेकदा एक घर सोडून निघालेली असते. हात बसलेल्या माणसाची रिंग तासन्‌तास सुलटीच राहते. खालचा हात न बघता काम करतो आणि सहसा चुकत नाही.

आकड्यांत पाहिलं तर या न चुकण्याची गंमत कळते. आयडा म्हणजे याच कामासाठी चौकोनी घरांत विणलेलं कापड. ते १४ काउंटचं असलं तर एका इंचात १४ घरं, एक घर जेमतेम १.८ मिलिमीटरचं. बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगवेगळ्या कळायच्या तर त्यांच्यात साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतर लागतं. म्हणजे नुसत्या बोटानं चाचपून शेजारशेजारची भोकं वेगळी ओळखणं अवघडच. ते काम सुई करते. क्रॉस स्टिचची सुई, टॅपेस्ट्री सुई म्हणतात ती, बोथट असते. टोक धाग्यावर टेकलं तर घसरतं, भोकावर आलं की किंचित आत बुडतं. खालचा हात सुई तिरकी धरून टोक हलकेच कापडाला घासत नेतो. आधीच्या टाक्याचा उंचवटा लागतो, त्याच्या पुढचं घर आपलं. टोक बुडालेलं चिमटीत जाणवलं की सुई उभी करायची आणि वर ढकलायची. यात शिवणाची टोकदार सुई घेतली तर सगळंच बिघडतं. ती कुठेही घुसते, धाग्याच्या मधोमधसुद्धा, आणि हाताला काही कळायला वावच राहत नाही. १४ काउंटला २४ नंबरची सुई, १८ काउंटला २६ची. नंबर वाढेल तशी सुई बारीक.

स्टँडवर रिंग लावून दोन्ही हातांनी भरणारे बरेच उजव्या हाताचे लोक उजवा हात खाली ठेवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे बरोबर. वरच्या हाताला डोळ्यांची सोबत असते, खालच्याला नसते. अवघड काम हुशार हाताकडे द्यावं.

सुईइतकंच दोऱ्याचंही आहे. भरतकामाच्या दोऱ्याची लडी ८ मीटरची, सहा पदरी. १४ काउंटवर दोन पदर, ११ काउंटवर तीन. तुकडा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा, म्हणजे १८ इंच, ४५ सेंटिमीटरच्या आसपास. त्याहून लांब घेतला की पुन्हापुन्हा भोकांतून घासून शेवटचा वीतभर दोरा पिंजतो आणि त्याची चमक जाते. सारखं सुई ओवायचा कंटाळा म्हणून लांबच लांब दोरा घेणारे शेवटी गुंता सोडवण्यात दुप्पट वेळ घालवतात. पदर वेगळे करायचे तर टोकाजवळ चिमटीत धरून एकच पदर सरळ वर ओढायचा. बाकीचे पाच खाली गोळा होऊन बसतात. ते बोटांतून ओढून सरळ केले की झालं. दोन पदर एकदम फाडायला गेलं की मध्ये पीळ साचतो आणि गाठ ठरलेली. दोन्ही पदर असे सुटे काढून पुन्हा शेजारी ठेवले की टाका भरदार बसतो. लडीतून जोडीनं काढलेल्या दोऱ्याचा टाका त्यापुढे काटकुळा दिसतो. नेढ्यात दोरा जात नसेल तर आधी सुई फिरवून दुसऱ्या बाजूनं बघावी. नेढं एका बाजूनं ठोकून पाडलेलं असतं, त्यामुळे एक बाजू जास्त सफाईची असते.

भरताना चिमटीतली सुई दर टाक्याला किंचित फिरते, तसा दोऱ्यात पीळ वाढत जातो. वाढलेला पीळ डोळ्यांच्या आधी बोटांना कळतो, दोरा मध्येच वळून वेटोळं धरू पाहतो. सरावलेला हात दर चार-पाच टाक्यांनी सुई उलट दिशेनं अर्धा वळसा फिरवून घेतो, आणि हे करतोय हे त्या माणसाला विचारलं तर सांगताही येणार नाही. ज्यांना ते अजून साधत नाही त्यांनी अधूनमधून रिंग उचलून सुई खाली लोंबू द्यावी. ती भिरभिरत आपोआप पीळ उतरवते.

ओढ किती द्यायची, हे नमुन्याच्या कुठल्याच नकाशात लिहिलेलं नसतं. दोरा कापडाला टेकेपर्यंत ओढायचा आणि तिथेच थांबायचं. त्यापुढे ओढला तर फुलीच्या चारही कोपऱ्यांची भोकं मोठी होतात आणि टाक्यांमधून पांढरं कापड डोकावतं. कमी ओढला तर झोळ राहतो. रिंगमध्ये कापड ताणलेलं असलं की सुई घुसताना टक् असा आवाज येतो, मागून दोरा सर्र करत येतो. हा सर्र लवकर तुटला, दोरा अजून शिल्लक असताना, तर मागे वेटोळं अडकलंय. इथे नवखा माणूस जोर लावतो आणि वेटोळ्याची गाठ होते. जाणता हात तिथल्या तिथे थांबतो, सुई त्या वेटोळ्यात घालून ते सैल करतो. काम थांबवताना मात्र रिंग काढून ठेवावी. तिचा वळ महिनाभर राहिला तर इस्त्रीलाही दाद देत नाही.

रुखवतात मांडल्या जाणाऱ्या मॅटी कापडाच्या टेबलक्लॉथवर हेच काम जास्त कठीण. मॅटीची वीण जोडधाग्यांची, आयड्यासारखी कडक खळ तिला नसते, त्यामुळे तिरपं ओढलं की घरं वेडीवाकडी होतात. तिथे ओढ आणखी हलकी लागते. आणि टेबलक्लॉथ उलटून मागची बाजू बघणाऱ्या मावशी-आत्या प्रत्येक लग्नात असतातच. त्यांचं चुकत नाही. गाठी, तीन-चार घरांपेक्षा लांब नेलेले दोरे, पांढऱ्या भागामागून गेलेला काळा धागा, सगळं मागेच कळतं. दोरा संपवताना गाठ मारायची नाही, चार-पाच टाक्यांच्या पोटातून सुई सरकवून कापायचा.

हाताच्या या जाणिवेचा खरा कस धारवाडकडच्या कसुती भरतकामात लागतो. इरकल साडीच्या पदरावर रथ, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती भरतात ती. तिचे टाके चार: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यातली मेंथी म्हणजे आपली फुलीच. कापडावर काही छापून घ्यायचं नाही, विणीतले धागे मोजत जायचं. गवंतीत सुई धावदोऱ्यासारखी एक टाका सोडत पुढे जाते आणि येताना सोडलेल्या जागा भरत येते, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतात. येताना ज्या भोकात सुई घालायची तिथे जातानाचा दोरा आधीच बसलेला असतो. तो टोचला गेला तर उसवता येत नाही. म्हणून आधीच्या टाक्याच्या एका अंगानं वर यायचं आणि पुढच्याच्या दुसऱ्या अंगानं खाली जायचं, तेव्हा रेघ सरळ बसते. जाताना एक धागा चुकला असेल तर तो येताना कळतो, आकृती मिटत नाही.

मात्र हाताच्या सवयीवर सगळं सोडूनही चालत नाही. क्रॉस स्टिचमध्ये प्रत्येक फुलीची वरची रेघ एकाच दिशेला हवी, नाहीतर उजेड वेगळा पडतो आणि तेवढा चौकोन डागासारखा दिसतो. हात ही दिशा इतकी पक्की धरतो की तिथेच फसतो. कोपरा भरायला सोयीचं म्हणून रिंग पाव वळसा फिरवली की हात आपल्या सवयीनं भरत राहतो, आणि कापडाच्या हिशेबानं वरची रेघ उलटी होते. अर्धा वळसा फिरवली तर काही बिघडत नाही, तिरपी रेघ उलटी धरली तरी तशीच राहते. कापडाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात सुरुवातीलाच रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवावा आणि रिंग हलवली की आधी तो बघावा. चूक झालीच असेल तर ती दिव्याखाली समोरून दिसत नाही. कापड खिडकीजवळ नेऊन तिरपं धरलं की उलट्या फुल्या लगेच वेगळ्या चमकतात, मग तेवढ्याच उसवायच्या.