तुम्ही विचारलंत म्हणून: बेकायदा म्हणजे नक्की कोण?

स्थलांतराचा अभ्यास करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. पंगतीत, एसटीत, कुठेही. "म्हणजे ते बेकायदा घुसतात ना, त्यांचा?" परवा दापोलीला एका लग्नात शेजारच्या काकांनी हेच विचारलं आणि त्याच दमात सांगितलं, "आमचा धाकटा सौदीला असतो." दुसऱ्यांची मुलं घुसतात, आपली असतात. तेवढ्यात मठ्ठा आला आणि उत्तर राहिलं. म्हणून इथे देते.

माझ्या डोळ्यांसमोर खेड तालुक्यातला एकजण आहे. त्याचा सौदीचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याने अजून पाकिटात जपून ठेवलाय. प्लास्टिकचं कार्ड, कोपरे झिजलेले, फोटोतली मिशी काळीभोर. दहावी सुटली नव्हती, त्यामुळे पासपोर्ट ईसीआर. म्हणजे आखातात कामाला जायला भारत सरकारची वेगळी मंजुरी लागते. तीही घेतली. एजंटाचे पैसे बायकोच्या बांगड्या मोडून दिले. 2012 साली हाऊस ड्रायव्हरच्या व्हिसावर तो विमानात बसला, तेव्हा कागदांत खोट काढायला जागा नव्हती.

तीन वर्षांनी कफीलने, म्हणजे मालकाने, इकामा पुढे वाढवला नाही. का, ते त्याला कधीच कळलं नाही. वाढवणं कामगाराच्या हातात नसतंच, ते कफीलनेच करायचं. वर त्याने हा पळून गेला अशी नोंद करून टाकली. तिकडे त्याला हुरूब म्हणतात. "हुरूब लागला", आपली माणसं सांगतात, ताप आल्यासारखं. सीमा ओलांडली नाही, खोली बदलली नाही, खाटही तीच. आणि माणूस बेकायदा झाला.

हे ऐकल्यावर माझा अभ्यासच बदलला. त्याआधी मी कुणी कुठली सीमा कशी ओलांडली, हे मोजत होते. ते मोजावं लागतंच. 2023 या एका वर्षात कोलंबिया आणि पनामाच्या मधलं डॅरियनचं जंगल पाच लाखांवर माणसांनी पायी पार केलं. पण आता कुठल्याही देशाचं पान उघडलं की आधी बघते, कागद कुणाच्या हातात आहे.

अमेरिकेत तो रांगेच्या हातात आहे. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांच्या आसपास. लिश्टनस्टाइन असो की भारत, टक्का तोच! त्यामुळे पुण्याहून दोन वर्षांची असताना नेलेली मुलगी तिथेच शाळा-कॉलेज करते आणि बापाचा नंबर लागायच्या आत एकविसाची झाली की त्याच्या व्हिसावरून उतरते. मग विद्यार्थी व्हिसा शोधा, नाहीतर "परत" या. तिला पुण्यातलं मावशीचं घर तेवढं माहीत.

कोलंबियात याच्या नेमकं उलट झालं. 2021 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष इव्हान दुके यांनी व्हेनेझुएलातून आलेल्यांसाठी दहा वर्षांच्या संरक्षणाची घोषणा केली. तेव्हा देशात असे 17 लाखांच्या आसपास लोक होते, निम्म्याहून जास्त बिनकागदाचे. लोक जागचे हलले नाहीत, सरकारने कार्ड काढलं. ठराविक तारखेनंतर चोरवाटेने आलेले त्यात बसत नव्हते, तक्रारीही भरपूर झाल्या. तरी एवढं मोठं काम एका मध्यम ऐपतीच्या देशाने केलं, आणि आपल्याकडे त्याची बातमी कुणी धड वाचलीही नाही.

गोव्यातली गंमत तर माझी आवडती. 19 डिसेंबर 1961 च्या आधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट आहे. आजीचा जन्मदाखला शोधायचा, लिस्बनला नोंद करायची, भारतीय पासपोर्ट सोडायचा. पोर्तुगाल युरोपीय संघात, ब्रिटनही तेव्हा होता, म्हणून त्या पासपोर्टवर कितीतरी गोंयकार थेट इंग्लंडात स्विंडनला गेले. 2020 संपलं आणि ब्रेक्झिटमुळे नव्याने जाणाऱ्यांना त्याच पासपोर्टवर व्हिसा लागू लागला. आधी गेलेल्यांनाही राहायचं तर ठरल्या मुदतीत अर्ज करायचा होता.

तर काका, तुमच्या धाकट्याला विचारा, व्हिसा कंपनीचा आहे की हाऊस ड्रायव्हरचा. 2021 मध्ये सौदीने नोकरी बदलायची मोकळीक दिली, पण घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्यातून वगळले.

खेडचा माणूस त्याआधीच, 2017 मध्ये सौदीने बेकायदा राहणाऱ्यांना दिलेल्या माफीत, दंड न भरता परतला होता. आता स्टँडवर रिक्षा चालवतो. बॅज स्वतःचा आहे. परमिट दुसऱ्याच्या नावावर, महिन्याच्या बोलीवर.