बंदुकीपेक्षा रात्रीचा पहारा

काउबॉय म्हटलं की लोकांना बंदूकच आठवते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मला आठवतो तो रात्रीचा पहारा. बसलेल्या कळपाभोवती दोन स्वार उलट दिशांनी घोडे फिरवत, हळू आवाजात गात राहायचे. ओळखीचा आवाज कानावर असला की गुरं बिचकत नसत. वीज कडाडून कळप उधळला, तर त्याच अंधारात पुढे घोडा घालून त्याला वळवायचं. हे सगळं महिन्याला साधारण २५ ते ४० डॉलरवर.

१८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आर्थर यांनी तिथल्या संसदेपुढे, म्हणजे काँग्रेसपुढे, ॲरिझोनातल्या ‘काउबॉय’ म्हणवणाऱ्या सशस्त्र गुंडांची तक्रार केली होती. असे लोक होतेच. पण त्यांच्यामुळे टेक्सासहून कॅन्ससपर्यंत गुरं हाकणारी साधी पोरं बदनाम झाली. त्यांत कितीतरी कृष्णवर्णीय होते, मेक्सिकन होते. दोर फेकून गुरं पकडण्याचं कसब तर मेक्सिकन व्हाकेरोंकडूनच, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडूनच आलेलं.

मला सर्वांत जवळचा वाटतो बोस आयकार्ड हा कृष्णवर्णीय काउबॉय. गुलामगिरीत जन्मलेला. पुढे तो ज्यांच्याकडे कामाला होता, ते गुरांचे व्यापारी चार्ल्स गुडनाइट विक्रीची रोकड त्याच्या हवाली करत. १९२९ मध्ये तो वारला, तेव्हा गुडनाइटनी टेक्सासमधल्या वेदरफर्ड गावी त्याच्या कबरीवर दगड उभारला आणि त्यावर कोरलं, की याने कधी कामात कुचराई केली नाही. मालकाकडून याहून मोठी पावती मला माहीत नाही.

आणि ही माणसं मुकी नव्हती. १८८३ मध्ये टेक्सास पॅनहँडलमधल्या, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाकडच्या पट्ट्यातल्या काउबॉयांनी महिना ५० डॉलर मागत संप केला. तो फसला, मालकांनी दुसरी माणसं आणली.