आमची वाटचाल : लॉन टाकण्यापासून जुनी झाडं वाचवण्यापर्यंत

सुरुवातीला आम्ही फक्त लॉन टाकायचो. तीन माणसं, एक भाड्याचा टेम्पो, माती पसरायची गवत अंथरायचं बिल घ्यायचं. चाललं होतं बरं.

मग एका कामावर जुन्या मोठ्या झाडाच्या पार बुंध्यापर्यंत आम्ही पेव्हर ब्लॉक बसवले, ड्रॉईंगमध्ये तसंच होतं म्हणून. अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या हातभर मातीतच असतात, त्यांना ना हवा मिळाली ना पाणी, आणि तिसऱ्या वर्षी झाड वाळलं. चूक माझीच, मी तेव्हा बोलायला हवं होतं. बदल्यात दहा रोपं लावली, सगळ्यांना वाटलं भरपाई झाली, पण सावली, गारवा, पावसाचं पाणी अडवणं हे सगळं पानांच्या पसाऱ्यावर चालतं, तेवढा पसारा यायला कित्येक वर्षं जातात.

तेव्हापासून मी झाडांच्या फायद्याचा हिशोब समजून घ्यायच्या मागे लागलो. लंडनच्या पार्कांचा २०१७ साली हिशोब झाला, त्यात सार्वजनिक पार्कांवरच्या १ पाऊंड खर्चामागे लोकांना निदान २७ पाऊंडांचा फायदा निघाला. रॉजर उलरिच या संशोधकांनी १९८४ मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर खिडकीतून झाडं दिसणारे पेशंट विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, वेदनेची औषधंही त्यांना कमी लागली. आता बघा, खर्च पडतो पार्कच्या खात्यावर आणि फायदा जातो हॉस्पिटलला, आजूबाजूच्या घरमालकांना, कोणाच्या तरी वीजबिलाला. पार्कच्या नावावर जमा काहीच नाही, मग बजेट कापायचं म्हटलं की पहिला नंबर त्याचाच. अमेरिकेतल्या शहरी भागांत २००९ ते २०१४ या काळात वर्षाला अंदाजे ३ कोटी ६० लाख झाडं कमी होत होती, आणि तिथे तर या फायद्याचे आकडे काढायला आय-ट्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे!

आज आम्ही अकरा जण आहोत आणि निम्मं काम जुन्या झाडांच्या सर्व्हेचं, म्हणजे घेर, पसारा, तब्येत सगळं मोजून रिपोर्ट द्यायचा. ड्रॉईंग फायनल व्हायच्या आधी बोलवा, एवढंच क्लायंटला सांगतो. बुंध्यापर्यंत सिमेंट हवंच असेल तर काम घेत नाही, त्यात दोन चांगले क्लायंट गेले. सध्या एका पार्किंगच्या प्लॅनमध्ये तीन जुनी झाडं आलीयेत, लाईन दीड मीटर सरकवली तर तिन्ही राहतात असं लिहून दिलंय, उत्तराची वाट बघतोय.