रस्त्याकडे उघडणारे दार

गेल्या दिवाळीनंतर नाशिकच्या त्र्यंबक रस्त्यावरील एका जागामालकांनी आमच्यापुढे प्रस्ताव ठेवला. त्यांची तीस खोल्यांची इमारत पूर्ण होत आली होती. ती आम्ही चालवायला घ्यावी, २०२७ च्या सिंहस्थापूर्वी सुरू करावी आणि उत्पन्नातील ठरलेला हिस्सा त्यांना द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. गंगापूर रस्त्यावरील आमचे हॉटेल अवघ्या चौदा खोल्यांचे आहे, त्यामुळे एका सहीनिशी आमचा पसारा तिपटीहून अधिक वाढणार होता. घरात बरेच दिवस खल चालला. हॉटेल व्यवस्थापन शिकून परतलेल्या माझ्या मुलीने त्याच सुमारास किम्प्टन या अमेरिकन हॉटेल कंपनीचा दाखला दिला आणि मी त्या कंपनीची वाटचाल वाचू लागलो.

तिचे संस्थापक बिल किम्प्टन हे मूळचे हॉटेलवाले नव्हते. गुंतवणूक बँकेत काम केलेले, पैसा उभा करण्यात मुरलेले गृहस्थ होते ते. १९८१ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत बेडफर्ड हे आपले पहिले हॉटेल सुरू केले. अमेरिकेत तेव्हा मोठ्या साखळ्यांचा बोलबाला होता आणि कोणत्याही शहरात उतरले तरी खोली तीच, पडदे तेच आणि नाश्ताही तोच मिळत असे. किम्प्टन यांनी शहराच्या मध्यभागातील जुन्या, मध्यम आकाराच्या इमारती हेरल्या आणि त्यांचा कायापालट करून युरोपातील छोट्या हॉटेलांच्या धर्तीवर त्या चालवल्या, कारण नवे बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडत होते आणि प्रत्येक इमारतीचा चेहरामोहरा आपोआप वेगळा राहत होता. संध्याकाळी पाहुण्यांना दिवाणखान्यात बोलावून वाइनचा पेला विनामूल्य देण्याची त्यांची प्रथा पुढे प्रसिद्ध झाली. परक्या शहरात एकट्या प्रवाशाला जे एकटेपण घेरते, त्यावरचा तो साधा उपाय होता. १९८४ मध्ये न्यू यॉर्कला मॉर्गन्स हे हॉटेल सुरू झाले आणि ‘बुटीक हॉटेल’, म्हणजे स्वतःचा खास चेहरा असलेले छोटे हॉटेल, हा शब्द रूढ होण्याचे श्रेय बहुधा त्याला मिळते, पण सजावटीच्या बडेजावापेक्षा मला किम्प्टन यांचा हिशेब अधिक शिकण्याजोगा वाटला.

तो हिशेब रेस्टॉरंटचा होता. हॉटेलातील रेस्टॉरंट म्हणजे पाहुण्यांच्या सोयीसाठी नाइलाजाने चालवायचा तोट्याचा विभाग, अशी त्या व्यवसायातील जुनी समजूत आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती खरीही ठरते. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत भटारखाना पेटता ठेवायचा, आचारी आणि वाढपी यांचे पगार द्यायचे आणि जेवायला मात्र उतरलेल्यांपैकी निम्मेच यायचे. किम्प्टन यांनी रेस्टॉरंटला हॉटेलाच्या पदरातून सोडवले. त्याला स्वतःचे नाव, स्वतःचा नामवंत शेफ आणि रस्त्याकडे उघडणारे स्वतःचे दार दिले. १९८३ मध्ये व्हिंटेज कोर्ट हॉटेलात मासाताका कोबायाशी यांचे ‘मासाज’ हे रेस्टॉरंट सुरू झाले आणि १९८९ मध्ये प्रेस्कॉट हॉटेलात वुल्फगँग पक यांचे पोस्ट्रिओ. तेथे जेवायला येणारा माणूस सॅन फ्रान्सिस्कोतच राहणारा असे. त्याला खोलीशी काही देणेघेणे नव्हते, पण गावाहून कोणी आले की कोठे उतरवायचे हे त्याला अर्थातच ठाऊक असे.

मराठीने ही गोष्ट आधीच ओळखली होती, असे मला गमतीने वाटते. नाशकात ‘हॉटेलात जाऊ’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मिसळ येते नाहीतर थाळी. मुक्कामाच्या जागेला आपण लॉज म्हणतो. आणि आपल्याच परिसरातील सुला या वाइन कंपनीकडे पाहिले तरी क्रम तोच दिसतो. त्यांची पहिली वाइन २००० मध्ये आली, लोकांनी येऊन बसावे यासाठी टेस्टिंग रूम २००५ मध्ये उघडली आणि मुक्कामाच्या खोल्या २०१० मध्ये आल्या. आधी टेबले, मग पलंग.

आमचे मात्र उलटे झाले. शुक्रवारी रात्रीपासून रविवारी दुपारपर्यंत मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी खोल्या भरतात, द्राक्षांच्या हंगामात आणि पावसाळ्यात तर आठ-आठ दिवस आधी सांगूनही खोली मिळत नाही. सोमवार ते गुरुवार मात्र चौदापैकी चार-पाच खोल्यांत दिवा लागतो. हे चार दिवस केवळ गावातले लोक तारू शकतात. आणि गावातल्या माणसाने आमच्याकडे जेवायला यायचे म्हणजे आधी फाटकावर पहारेकऱ्याला सांगायचे, मग रिसेप्शन ओलांडायचे, मग पाहुण्यांच्या बॅगांमधून वाट काढत मागच्या दालनात जायचे. शेजारच्या वसाहतीतले एक निवृत्त शिक्षक मला एकदा म्हणाले, “अहो, तुमचं जेवण बाहेरच्यांनाही मिळतं, हे मला सहा वर्षांनी कळलं.” त्यावर मला काय बोलावे ते सुचले नाही.

करांचे गणितही याच दिशेने बोट दाखवते. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. रेस्टॉरंटच्या बिलावर एरवी ५ टक्के लागतात. परंतु १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमाप्रमाणे, आधीच्या आर्थिक वर्षात त्या जागेतील एखादी जरी खोली ७,५०० रुपयांहून अधिक दराने दिली गेली असेल, तर पुढचे संपूर्ण वर्ष तेथील रेस्टॉरंटच्या बिलावर १८ टक्के आकारावे लागतात. इनपुट क्रेडिट, म्हणजे आपण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळते हे खरे, पण थाळी खायला येणाऱ्या कुटुंबाला ते क्रेडिट दिसत नाही, बिलाची शेवटची ओळ दिसते. म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्रीही आम्ही दर त्या रेषेखालीच ठेवतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधील अमृतस्नानांच्या दिवसांत तिप्पट दर घेण्याचा मोह ज्यांना होईल, त्यांच्या रेस्टॉरंटला त्याची किंमत २०२८-२९ मध्ये मोजावी लागेल.

डिसेंबर २०१४ मध्ये इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल्स ग्रुपने किम्प्टन ४३ कोटी डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा कंपनीकडे अमेरिकेतील २८ शहरांत ६२ हॉटेले होती, आणि रेस्टॉरंट व बार मिळून ७१. ही दुसरी संख्या पहिलीहून मोठी आहे, याकडे मुलीने माझे लक्ष वेधले. मला मात्र वेग जाणवला: तेहतीस वर्षांत बासष्ट, म्हणजे वर्षाला सरासरी दोनही नाहीत. संस्थापक स्वतः २००१ मध्येच वारले होते. व्यवहारात विकली गेली ती चालवण्याची हातोटी, नाव आणि करार. इमारती इतरांच्याच होत्या. त्यानंतर २०१६ मध्ये ग्रँड केमन आणि २०१७ मध्ये ॲमस्टरडॅम येथे कंपनीने अमेरिकेबाहेर पाऊल टाकले.

तेव्हा दुसऱ्याची इमारत चालवायला घेणे हे काही वावगे नव्हते. किम्प्टनची वाढ त्याच वाटेने झाली होती. आमचे अडले ते नकाशापाशी. त्र्यंबक रस्त्यावरील त्या इमारतीत भटारखाना मागच्या अंगाला होता, जेवणाचे दालन तिसऱ्या मजल्यावर होते आणि तळमजल्याचा रस्त्याकडचा भाग एटीएमसाठी आणि मोबाइलच्या दुकानासाठी राखून ठेवला होता. सिंहस्थ आटोपला की त्या तिसऱ्या मजल्यावर मंगळवारी दुपारी कोण चढणार? २०१५ च्या पहिल्या शाही स्नानाचा, २९ ऑगस्टचा, दिवस मी विसरलेलो नाही. बंदोबस्त एवढा कडक होता की भाविक गावात पोचेनात, आणि मी तेव्हा ज्यांच्याकडे व्यवस्थापक होतो, त्यांनी हजार माणसांसाठी रांधलेले अन्न संध्याकाळी वाटून टाकावे लागले.

आम्ही मालकांना कळवले की तळमजल्याचा दर्शनी भाग रेस्टॉरंटसाठी मिळाला तर आम्ही कमी हिश्श्यावरही तयार आहोत. एटीएमचे भाडे पक्के असते, असे त्यांचे उत्तर आले, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही कदाचित तेच म्हटले असते. बोलणी तेथेच थांबली आहेत.

मागच्या बुधवारी गवंडी आणि सुतार आमच्याकडे येऊन गेले. जेवणाच्या दालनाची जी भिंत रस्त्याला लागून आहे, तिच्यावर त्यांनी खडूने साडेचार फूट रुंदीची चौकट आखली आहे. भिंतीलगतचा कढीपत्ता मात्र हलवावा लागेल.