पबच्या माडीवरचे नाटक

लंडनला नाटक पाहण्यासाठी येणारा मराठी प्रवासी सहसा वेस्ट एंडच्या मोठ्या नाट्यगृहांकडे वळतो, आणि पूर्वी मीही तेच केले होते. या खेपेस मात्र शहराच्या मध्यभागी न थांबता इस्लिंग्टन, बॅटर्सी, अर्ल्स कोर्ट अशा वस्त्यांमध्ये जायचे आणि तिथल्या पबच्या माडीवर किंवा मागच्या खोलीत होणारी नाटके पाहायची, असे मी निघण्यापूर्वीच ठरवले होते. यातील बहुतेक नाट्यगृहांत पन्नास-साठ प्रेक्षकच बसू शकतात. पडदा नसतो, विंगा नावापुरत्या असतात आणि पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाला पाय आखडूनच बसावे लागते, कारण त्याच्या बुटांपासून हातभर अंतरावर रंगमंच सुरू झालेला असतो.

सुरुवात इस्लिंग्टनपासून करणे योग्य होते. एंजेल स्थानकाचा ६१ मीटर लांबीचा सरकता जिना लंडनच्या भुयारी रेल्वेतील सर्वांत लांब आहे. तो चढून वर आले आणि अपर स्ट्रीटवरून उत्तरेकडे चालत गेले की थोड्याच वेळात ‘किंग्ज हेड’ हा पब लागतो. अमेरिकेहून आलेल्या डॅन क्रॉफर्ड यांनी १९७० साली या पबच्या मागच्या खोलीत नाट्यगृह सुरू केले आणि २००५ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. ब्रिटनने १९७१ साली दशमान चलन स्वीकारले, तरी या पबात पुढे कित्येक वर्षे पौंड, शिलिंग आणि पेन्स असाच हिशेब चालू होता, ही गोष्ट लंडनचे जुने नाट्यरसिक आजही आवर्जून सांगतात. क्रॉफर्ड यांच्या धाडसानंतर दशकभरात शहरात अशा खोल्या भराभर उघडल्या. १९७१ साली रिचमंडमध्ये ऑरेंज ट्री, १९७२ साली शेफर्ड्स बुशच्या मैदानाशेजारी बुश, १९७९ साली नॉटिंग हिलमध्ये गेट आणि १९८० साली अर्ल्स कोर्टजवळ फिनबरो या नाट्यगृहांचा जन्म पबच्याच छताखाली झाला.

हे सारे नेमके त्याच काळात का घडले, याचे उत्तर कायद्यात आहे. इंग्लंडमध्ये १७३७ पासून नाटकांवर राजदरबारातील लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याची सेन्सॉरशिप होती. नवे नाटक सार्वजनिकरीत्या सादर करायचे असेल तर त्याची संहिता आधी त्याच्या कार्यालयाकडे पाठवावी लागे आणि तिथल्या वाचकांनी खोडलेली वाक्ये गाळावी लागत. १९६८ च्या कायद्याने ही व्यवस्था संपुष्टात आणली. त्यानंतर तरुण नाटककारांना हवे ते लिहिण्याची मुभा मिळाली, परंतु ते सादर करण्यासाठी परवडणारी जागा मिळत नव्हती. ती जागा पबांकडे होती. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेल्या पबांमध्ये वरच्या मजल्यावर एखादी मोठी खोली असे. तिथे कामगारांच्या परस्पर साहाय्य मंडळांच्या बैठका होत, मेजवान्या होत, बिलियर्ड्स खेळले जाई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यांतील अनेक खोल्या रिकाम्या पडल्या होत्या. नाटकाला आलेली माणसे आधी आणि नंतर खाली बसून बिअर घेतील, एवढ्या अपेक्षेवर पबमालक त्या खोल्या माफक भाड्याने देऊ लागले.

तसे पाहिले तर मद्यालय आणि नाटक यांचे नाते इंग्लंडमध्ये याहून पुष्कळ जुने आहे. सोळाव्या शतकात लंडनमध्ये स्वतंत्र नाट्यगृहे बांधली जाण्यापूर्वी आणि त्यानंतरही काही काळ नटमंडळ्या सरायांच्या चौकात प्रयोग करीत. लडगेट हिलवरील ‘बेल सॅव्हेज’ आणि बिशप्सगेटमधील ‘बुल’ या सराया त्यासाठी प्रसिद्ध होत्या. त्या आता उरलेल्या नाहीत, पण सदर्कमधील ‘जॉर्ज इन’ पाहिल्यावर त्या चौकांची कल्पना येते. तेथील सध्याची इमारत आगीनंतर १६७७ साली पुन्हा बांधलेली आहे आणि तिच्या लाकडी सज्जांची एकच बाजू शिल्लक आहे. दुपारी त्या चौकात बसून वरच्या सज्जांकडे पाहिले, तेव्हा प्रेक्षक तीन बाजूंनी आणि वरूनही नटाला घेरून बसत असतील तर त्याला किती मोकळ्या आवाजात बोलावे लागत असेल, हे प्रथमच नीट उमगले.

माडीवरच्या खोलीत नटाला आवाज नेमका उलट्या दिशेने सांभाळावा लागतो. बॅटर्सीमध्ये मी पाहिलेला प्रयोग त्या दृष्टीने फार मोलाचा वाटला. क्लॅपहॅम जंक्शन स्थानकापासून पायी गेल्यास बॅटर्सी पार्क रोडवर ‘लॅचमिअर’ हा पब येतो. त्याचा घर क्रमांक ५०३ असल्यामुळे वरच्या नाट्यगृहाचे नाव थिएटर ५०३ असे आहे. खाली टेबलांवर जेवणे चालली होती. घंटा झाल्यावर आम्ही आपापले पेले हातात घेऊन जिना चढलो. आसने राखीव नव्हती, त्यामुळे पहिल्या रांगेत जागा मिळाली. ६३ प्रेक्षकांसाठी असलेल्या त्या काळ्या खोलीत दोनच पात्रांचे, मध्यंतर नसलेले नाटक होते. बहीण-भावामधील वाद हळूहळू पेटत जातो, असा त्याचा विषय. एका प्रसंगी बहीण काहीही न बोलता केवळ भावाकडे पाहत राहते, आणि तिच्या गळ्याची शीर हलताना मला स्पष्ट दिसत होती. हजार आसनांच्या नाट्यगृहात त्या क्षणासाठी तिला हात तरी उचलावा लागला असता किंवा मोठा निःश्वास तरी टाकावा लागला असता. इथे तसे काही करण्याची गरज नव्हती, आणि दिग्दर्शकाने ते तिला करूही दिले नव्हते. याच सुमारास खालच्या मजल्यावरून हास्याचा मोठा लोट आला. दोघांपैकी एकानेही त्याची दखल घेतली नाही आणि आमचेही लक्ष ढळले नाही.

अशा खोल्यांमुळे नाटकांच्या लिखाणालाच एक घडण आली आहे, असे माझे मत झाले. पात्रे दोन-तीन, स्थळ एकच, नेपथ्य मोजके आणि लांबी आपल्याकडच्या दीर्घांकाएवढी. मध्यंतर नसणे पबमालकाला अर्थातच सोयीचे नसते, कारण मध्यंतरात गल्ल्यावर गर्दी होते. तरीही नव्या नाटकांत ते अनेकदा गाळलेले दिसते. या मर्यादेत राहूनही किती मोठे काम उभे राहू शकते, याचे उदाहरण याच थिएटर ५०३ ने घालून दिले आहे. अमेरिकन लेखिका कटोरी हॉल यांचे ‘द माउंटनटॉप’ हे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आयुष्यातील अखेरच्या रात्रीवरील दोन पात्रांचे नाटक २००९ साली प्रथम याच खोलीत झाले, तिथून ते वेस्ट एंडला गेले आणि २०१० साली सर्वोत्कृष्ट नव्या नाटकाचा ऑलिव्हिए पुरस्कार, म्हणजे लंडनच्या रंगभूमीवरील सर्वांत मानाचा पुरस्कार, त्याला मिळाला.

तिथे बसले असताना मला दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहाची आठवण येणे अपरिहार्य होते. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांनी १९७१ साली स्थापन केलेल्या ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने त्याच दशकात छबिलदासमध्ये प्रायोगिक नाटकांना घर मिळवून दिले होते. सेन्सॉरशी झगडा आपल्याकडेही चालूच होता, आणि तो लंडनप्रमाणे कायदा रद्द होऊन संपला नाही. आपल्या चळवळीला शाळेने आसरा दिला, त्यांच्या चळवळीला पबने दिला. या फरकाचा परिणाम दूरवर जाणवतो: शाळेच्या सभागृहाला नाटकापासून काही मिळकत नसते, त्यामुळे व्यवस्थापनाचे मन बदलले की जागा जाते, पबला मात्र प्रेक्षक हवाच असतो.

अर्थात पबचीही शाश्वती नाही. किलबर्नमधील ‘कॉक टॅव्हर्न’च्या माडीवर ऑपेरा-अप-क्लोज या संस्थेने पुचिनीचा ‘ला बोएम’ हा ऑपेरा मोठ्या वाद्यवृंदाऐवजी पियानोच्या साथीने सादर केला. पुढे सोहो थिएटरमध्ये झालेल्या त्याच्या प्रयोगांना २०११ चा ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी सुरक्षिततेच्या कारणास्तव किलबर्नची ती माडी बंद झाली. जिना हा या सर्वच नाट्यगृहांपुढील कठीण प्रश्न आहे. चाकांच्या खुर्चीवरील प्रेक्षकाला वर नेण्याची सोय अनेक ठिकाणी नाही, आणि हे केवळ जुन्या इमारतीचे वैशिष्ट्य म्हणून सोडून देता येणार नाही. गेट थिएटरने नॉटिंग हिलमधील पब सोडला, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. ऑरेंज ट्री १९९१ मध्ये समोरच्या जुन्या शाळेत गेले, बुश २०११ मध्ये जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीत गेले, आणि किंग्ज हेडचे नाट्यगृह जानेवारी २०२४ पासून पबच्या मागेच जमिनीखाली बांधलेल्या नव्या वास्तूत भरते. जुन्या खोलीबद्दल हळहळ वाटणाऱ्यांची भावना मी समजू शकते. तरीही ज्यांना ती खोली कधीच गाठता आली नाही, त्यांचा विचार करता हे स्थलांतर मला योग्यच वाटते.

नटांच्या मोबदल्याबद्दल मला अधिक खंत वाटली. फ्रिंजमध्ये, म्हणजे मुख्य प्रवाहाबाहेरच्या या छोट्या रंगभूमीवर, अनेक प्रयोग नफ्यात वाटा या तत्त्वावर होतात, म्हणजे भाडे, नेपथ्य, जाहिरात यांचा खर्च वजा जाता जे उरेल ते सर्वांनी वाटून घ्यायचे. पन्नास आसनांचे गणित कोणीही मांडून पाहावे. बहुधा उरत काहीच नाही. प्रयोगानंतर पबमध्ये एका नटाशी बोलणे झाले, तेव्हा तो सकाळी कॉफीच्या दुकानात काम करून आला होता, असे त्याने सहज सांगितले. इक्विटी ही कलावंतांची संघटना किमान वेतनासाठी आग्रह धरते आणि काही नाट्यगृहे तिचे करार पाळतात. परंतु ज्याला घरून आधार आहे त्यालाच काही वर्षे विनावेतन उमेदवारी करणे परवडते, आणि उद्याचे नट कोणत्या घरांतून येणार हे त्यावरच ठरत जाते. मराठी प्रायोगिक रंगभूमीवर काम केलेल्या कोणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

लंडनला जाणाऱ्या मराठी नाट्यरसिकाने एकच पब निवडायचा असेल, तर मी फिनबरो सुचवीन. वेस्ट ब्रॉम्प्टन किंवा अर्ल्स कोर्ट स्थानकापासून ते पायी गाठता येते आणि त्याच्या खोलीत ५० प्रेक्षक बसतात. नील मॅकफर्सन हे १९९९ पासून त्याचे कलात्मक संचालक आहेत. नवी नाटके आणि विस्मरणात गेलेली जुनी नाटके एवढेच तिथे होते. लंडनमध्ये गेल्या पंचवीस वर्षांत झालेले जुने नाटक तिथे घेतले जात नाही. मुख्य नाटकाच्या सुट्टीच्या दिवसांत, म्हणजे प्रामुख्याने रविवारी आणि सोमवारी, त्याच्याच नेपथ्यात दुसरे नाटक करण्याची तिथे पद्धत आहे, आणि ती मला फार आवडली. शनिवारी मुख्य नाटक पाहून रविवारी पुन्हा जावे, म्हणजे आदल्या दिवशीच्याच भिंती आणि दरवाजे वापरून दुसऱ्या दिग्दर्शकाने आपले नाटक कसे बसवले आहे, ते शेजारी ठेवून पाहता येते. तिकिटे मात्र आधीच काढून ठेवावीत. पन्नास आसने भरायला वेळ लागत नाही.