आज मनापासून वाजवलेल्या टाळ्या

आज संध्याकाळी बोस्टनमध्ये एका छोट्या कार्यक्रमात 'हार्थ' या संस्थेच्या कामाचं कौतुक झालं. खूप बरं वाटलं. 1991 मध्ये इथल्या काही बायकांनी एकत्र येऊन हे काम सुरू केलं, म्हाताऱ्या माणसांवर रस्त्यावर राहायची वेळ येऊ नये म्हणून. त्यातल्या ॲना बिसोनेट या परिचारिका. बोस्टनच्या साउथ एंड भागातली एक इमारत आज त्यांच्या नावाने ओळखली जाते.

बेघर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आयुष्यभर भटकलेला माणूस येतो. पण कॅलिफोर्नियात ओकलंडमध्ये डॉ. मार्गो कुशेल यांनी पन्नाशीपुढच्या बेघरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यातले 44 टक्के लोक पन्नाशीनंतरच पहिल्यांदा बेघर झालेले निघाले! म्हणजे उभं आयुष्य कामात गेलेलं. मग नोकरी सुटते, जोडीदार जातो, भाडं वाढतं. आणि साठीतल्या या माणसांची तब्येत ऐंशीच्या घरातल्यांसारखी झालेली असते.

अशा माणसाला निवाऱ्यातली रात्रीपुरती खाट किती पुरणार? इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही, गुडघे धरलेले असताना दिवसभर जायचं कुठे? म्हणून हार्थ कायमचं घर देते, स्वतःच्या किल्लीचं, आणि त्याच इमारतीत आधाराला माणसंही. मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नुसती खोली देऊन एकट्या म्हाताऱ्या माणसाचं भागत नाही हो.

आजच्या माझ्या टाळ्या मात्र निवाऱ्यांत जाऊन, शेजारी बसून, आजी-आजोबांचे घराचे अर्ज भरून देणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी होत्या. कागदपत्रं हरवलेली, प्रतीक्षायादी लांबलचक, तरी ते पुन्हा पुन्हा जातात.